भोगलेला की शिकलेला? संस्थेची खुर्ची कोणाला द्यावी

नांदूरमधमेश्वर (धागालेखिका):
पुढच्या रविवारी आमच्या विश्वस्त मंडळाची बैठक आहे आणि मला मत द्यायचंय. संस्था छोटी, नाशिक जिल्ह्यातली. नाव सांगणार नाही. लहानपणी घरातच वर्षानुवर्षं मारहाण, अत्याचार, उपासमार सोसलेली माणसं मोठेपणी आमच्याकडे येतात. पंचविशीतली मुलगी येते, तसे साठीतले आजोबाही येतात. आठवड्याला दोन गट बसतात, एक समुपदेशक अर्धा वेळ आहे, बाकी पुष्कळसं काम म्हणजे रात्री-अपरात्री फोन उचलणं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अपघात किंवा भूकंपाचा धक्का वेगळा आणि जिथून पळताच येत नाही अशा घरात बारा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचं जे होतं ते वेगळं, हे ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' या नावानं स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळायला तिची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, यावी लागली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. डीएसएम या अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या यादीत अजूनही त्याला वेगळा कप्पा नाही. जुने प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्यांची आठवण देणारं सगळं टाळणं, सतत दचकून राहणं हे तर असतंच. शिवाय भावना आवरत नाहीत, आपण कवडीमोल आहोत असं वाटतं आणि माणसांशी जवळीक जमत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, माझा प्रश्न तिथेच अडकलाय.

आमच्या संस्थापक बाई आता थकल्या. पुढे दोन नावं आहेत. पहिली 'अ'. गटात प्रथम आली तेव्हा सहा महिने तोंडातून शब्द काढला नव्हता. गेली नऊ वर्षं तोच गट ती चालवते. शिक्षण बी.कॉम. दुसरी 'ब'. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी, मोठ्या रुग्णालयात सात वर्षं, आमच्याकडे दीड. दोघीही गुणी आहेत.

माझा कल 'अ'कडे आहे. आमच्याकडे येणारा माणूस दारातच चेहरे वाचतो. लहानपणी बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज काय होणार ते ओळखायची सवय लागलेली असते. 'अ' समोर बसली की त्याचे खांदे खाली येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'ब'समोर तो नीट उत्तरं देतो, एवढंच.

तुम्ही काय कराल?

खडूफळा:
मी 'ब'ला देईन, आणि विचार करायला दोन मिनिटंही घेणार नाही.

गट चालवणं आणि संस्था चालवणं यात काहीतरी फरक आहे की नाही? प्रमुख झाल्यावर 'अ'च्या पदरात काय पडणार: धर्मादाय आयुक्तांकडचे फेरफार अर्ज, ऑडिट, देणगी देणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना द्यायचे त्रैमासिक अहवाल, समुपदेशकाचा थकलेला पगार, आणि कधीतरी एखाद्याला कामावरून काढणं. म्हणजे जी गोष्ट तिला उत्तम येते ती सोडून बाकी सगळं. तुम्ही तिला बक्षीस म्हणून खुर्ची देताय आणि गटाकडून त्यांचं माणूस काढून घेताय.

आणि ते खांदे खाली येणं. तो गुण समुपदेशकाच्या खोलीतला आहे, प्रमुखाच्या केबिनमधला नाही.

विहीरकाठ:
ज्याचं जळतं त्याला कळतं. देहव्यापारातून बायका-मुलींना सोडवणाऱ्या हैदराबादच्या प्रज्वला या संस्थेचं उदाहरण घ्या. सुनीता कृष्णन यांच्यावर वयाच्या पंधराव्या वर्षी आठ जणांनी अत्याचार केला, हे त्या स्वतः जाहीरपणे सांगतात. १९९६ मध्ये संस्था काढली, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या जागी कोणी नुसती एम.फिल. असती तर देहव्यापाराच्या टोळ्यांसमोर पहिल्या हल्ल्यालाच गाशा गुंडाळला असता. त्या माणसात जी आग असते ती अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

कडूनिंब:
@विहीरकाठ, कळतं हे खरं, पण काय कळतं? प्रज्वलाच्या दृष्टीनं वेश्याव्यवसाय म्हणजे गुलामी, बाईला तिथून बाहेर काढलंच पाहिजे. आता सांगलीला या. तिथली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्याच व्यवसायातल्या बायकांची संघटना. त्या म्हणतात, हे काम आहे, आम्हाला सोडवायला येऊ नका, पोलिसांना आवरा. दोन्हीकडे भोगलेल्याच बाया आहेत आणि निष्कर्ष दोन टोकांचे.

भोगलेल्या माणसाला *आपली* वाट नक्की माहीत असते. तो प्रमुख झाला की संस्थेची वाटही तीच होते. विपश्यनेनं सावरलेला सगळ्यांना दहा दिवस मौनात बसवतो. आईवडिलांशी नातं तोडून सावरलेली प्रत्येकीला तेच सुचवते. शिकलेल्याचे पूर्वग्रह नसतात असं नाही, पण त्याला निदान चार वाटा माहीत असतात.

नांदूरमधमेश्वर:
कडूनिंब, हा मुद्दा बोचला. 'अ'चा घरच्यांशी संबंध नाही, आणि गटातल्या बऱ्याच जणींनी नंतर घर सोडलंय. मी आजवर ते धैर्य समजत होते. बहुतेक ठिकाणी असेलही.

बोस्टनकर बंड्या:
इथे अठरा वर्षं आहे म्हणून हे लिहितोय. शिकलेल्याच्या हाती दिलं म्हणजे निश्चिंत झालो, असं वाटणाऱ्यांसाठी.

बोस्टनचं ट्रॉमा सेंटर १९८२ मध्ये बेसेल वॅन डर कोल्क यांनी सुरू केलं. दीर्घ आघात आणि शरीर यांच्या नात्यावर जगात ज्यांचं नाव आधी घेतलं जातं, ते हेच. पदवी, संशोधन, ग्रंथ, कशातच कमी नाही. केंद्र पुढे जस्टिस रिसोर्स इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली होतं. २०१८ च्या सुरुवातीला त्याच संस्थेनं त्यांना काढून टाकलं. आरोप काय, तर हाताखालच्या लोकांवर दादागिरी आणि त्यांचा पाणउतारा. बोस्टन ग्लोबनं ते छापलं. त्यांनी आरोप फेटाळले आणि नंतर वेगळी संस्था उभी केली. खरंखोटं मी ठरवणार नाही. पण आघातावर जगाला शिकवणाऱ्या केंद्रात कामाला जाताना पोटात गोळा येतो अशी तक्रार तिथल्या माणसांनी करावी, यात पदवीनं नक्की काय वाचवलं?

खडूफळा:
बंड्या, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं आहे. त्यांना *काढता आलं*. वर एक संस्था होती, संचालक मंडळ होतं, तक्रार ऐकायची रीत होती. भोगलेल्या संस्थापकाला कोण काढणार? त्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या दुःखाला प्रश्न विचारणं.

सिनानॉन वाचा. तुमच्याच देशात, कॅलिफोर्नियात, १९५८ मध्ये चार्ल्स डीडरिक या दारूतून सुटलेल्या माणसानं व्यसनमुक्तीसाठी काढलेली संस्था. सुरुवातीला वाहवा झाली. मग 'खेळ' या नावाखाली गोलात बसवून एकेकाला तासन्‌तास फाडून काढायचं. मग डोकी भादरणं, मग जोडप्यांना वेगळं करणं. १९७८ मध्ये त्यांच्याविरुद्ध खटले लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत चक्क खुळखुळ्या साप सोडला. हे सगळं 'मी यातून गेलोय' या एका वाक्याच्या भांडवलावर.

विहीरकाठ:
नाशिकच्या बी.कॉम. मुलीवरून थेट साप? जरा दमानं घ्या.

शेवग्याची शेंग:
मी सहसा नुसती वाचते. आज लिहिते, कारण अशाच एका संस्थेत चार वर्षं नोकरी केलीय (कुठे ते विचारू नका).

आमच्या प्रमुख ताई भोगलेल्या होत्या आणि कामात वाघीण होत्या. पहिली दोन वर्षं मी त्यांच्यासाठी जीव टाकायची. प्रत्येक देणगीदारापुढे, प्रत्येक कॉलेजात त्या स्वतःची गोष्ट सांगायच्या. तीच गोष्ट, त्याच ठिकाणी गळा दाटायचा. सभागृह रडायचं, धनादेश यायचे. परतीच्या गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्यावर भडकायच्या. आम्हाला कळायचं का, पण बोलायची सोय नव्हती. एकदा मी सुट्टीचा अर्ज केला. माझ्या आईचं ऑपरेशन होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे मला सोडूनच जाता." मी अर्ज मागे घेतला. ऑपरेशनला भाऊ एकटा होता.

मी त्यांना दोष देत नाही. धागालेखिकेनं वर लिहिलंय ना, माणसांशी जवळीक जमत नाही. तो आजाराचाच भाग आहे. पण प्रमुखाला तो असला की किंमत हाताखालचे मोजतात. आणि एक सांगते. त्यांची गोष्ट विकून पैसे उभे करणारे विश्वस्त होते, ताई नव्हत्या. चार वर्षांत एकाही विश्वस्तानं त्यांना विचारलं नाही की बाई, तुम्ही स्वतः कोणाकडे बोलता?

नांदूरमधमेश्वर:
हे वाचून बराच वेळ गप्प होते. गेल्या वर्षीच्या देणगी कार्यक्रमात 'अ'ला बोलायला उभं करणारी मीच होते.

हिशेबनीस:
थोडं रुक्ष लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णांच्या तक्रारी ऐकणारी जी पुनरावलोकन मंडळं आहेत, त्यांची रचना बघा. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन जागा आजार असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी. म्हणजे भोगलेल्याला कायद्यानं टेबलापाशी बसवलं, टेबल त्याच्या हवाली केलं नाही. मला हे बरोबर वाटतं.

दुसरं, मुजफ्फरपूर विसरू नका. बिहारमधलं मुलींचं निवारागृह, चालवणारी संस्था सेवाभावी, सरकारी अनुदान चालू, आणि आत मुलींवर अत्याचार. २०१८ मध्ये बाहेर आलं ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. संस्थाचालकाला २०२० मध्ये मरेपर्यंत जन्मठेप झाली. तिथे प्रमुख भोगलेला की शिकलेला हा प्रश्नच नव्हता. मुलींशी एकटं बोलायला बाहेरचं कोणी जात नव्हतं, हा होता.

विहीरकाठ:
हिशेबनीस, ते "टेबलापाशी बसवलं" मला झोंबलं. दोन जागा! आणि त्याही प्रतिनिधीनं भरल्या तरी चालतात. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेलं सोसलेल्या माणसाला बरं होण्याच्या जागीही दुसऱ्यानंच ठरवलेलं ऐकायचं?

पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांचं बघा. आईला मनोरुग्णालयांत काढावे लागलेले दिवस त्यांनी बालपणी पाहिले. संस्थेला नाव आईचं. आणि विद्वत्तेत कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्या २०२४ मध्ये गेल्या. 'भोगलेली की शिकलेली' असा प्रश्न त्यांना विचारला असता तर दार दाखवलं असतं. 'अ'ला शिकवा की. नऊ वर्षांत तुमच्या मंडळानं तिला एक पदविका तरी करायला पाठवलं?

कडूनिंब:
अवांतर: पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून दोन्ही चालतं. संस्थापक डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, आणि पुढे व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसं कार्यकर्ते झाली. सुकाणू शिकलेल्याकडे, वल्ही भोगलेल्यांकडे.

विहीरकाठ:
आणि पुढचं सुकाणू अवचटांच्या मुलीकडे, मुक्ता पुणतांबेकरांकडे. तोही एक धागा होईल.

कडूनिंब:
मुक्ताताईंनी ते पेललंय, हे त्या धाग्यावरही लिहीन.

नांदूरमधमेश्वर:
बैठक झाली. विचारलंत म्हणून सांगते.

दोघींना मी एकच प्रश्न विचारला: तुमच्याबद्दल तक्रार आली तर ती कोणी ऐकावी? 'ब' म्हणाली, नियमाप्रमाणे समिती असेलच. 'अ' बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंडळाबाहेरचं कोणी असू दे. तुम्ही सगळे माझ्यावर माया करता, तुम्हाला ऐकू येणार नाही."

मी 'अ'ला मत दिलं. चार विरुद्ध तीन, ती झाली. गट तिनं सोडायचा नाही, कागदपत्रं 'ब' आणि हिशेबाचा मुलगा बघतील. देणगी कार्यक्रमात तिची गोष्ट होणार नाही, हा ठराव मी मांडला, तो पास झाला. महिन्यातून दोनदा तिनं बाहेरच्या तज्ज्ञाकडे बसायचं, त्याची फी संस्थेनं द्यायची, हा ठराव पडला. पैसे नाहीत म्हणे.

खडूफळा:
म्हणजे खुर्ची दिली आणि टेकू काढला.

नांदूरमधमेश्वर:
महिन्याचे तीन हजार मी आणि आणखी एक विश्वस्त खिशातून घालतोय. मार्चपर्यंत. एप्रिलचं अजून बघायचंय.

शेवग्याची शेंग:
एप्रिलचे माझ्याकडून. व्यक्तिगत निरोप पाठवते.