मतदान अजून लाल पेन्सिलीने का?

आइंडहोवनकर:
इथे नेदरलँड्समध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की परदेशी माणसालाही पालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं, म्हणून यंदा पहिल्यांदा गेलो. हातात लाल पेन्सिल आणि सतरंजीएवढी मतपत्रिका! रांगेतले आजोबा म्हणाले, "पूर्वी यंत्रं होती, पण ती रेडिओवर ऐकू यायची." माझं डच कच्चं आहे. मी नीट ऐकलं ना?

रेडिओमिस्त्री:
नीटच ऐकलंत. २००६ मध्ये मी डेल्फ्टला शिकत होतो, तेव्हा हा विषय रोज जेवणाच्या टेबलावर असायचा. ऑक्टोबरमध्ये रोप खोंग्रेप या डच हॅकरच्या गटाने नेडॅप कंपनीचं मतदान यंत्र उघडून टीव्हीवर दाखवलं. त्याचा पडदा ठरावीक वेगाने पुन्हा पुन्हा रंगवला जातो आणि त्यातून बारीक रेडिओ लहरी निसटतात. 'क्रिस्टन डेमोक्राटिश अपेल' या पक्षाच्या नावात एका ई अक्षरावर तिरकी रेघ आहे. ते अक्षर आलं की पडद्याचा वेग बदलायचा आणि रिसीव्हरमधला सूरही. काही मीटरवर उभ्या माणसाला मत कानाने कळणार! एका मात्रेपायी गुप्त मतदान उघडं पडलं, याचा मला आजही संताप येतो. एसडीयू कंपनीची यंत्रं तर याहून बोलकी निघाली. सरकारने ती मतदानाच्या तीन आठवडे आधी बाद केली, ॲमस्टरडॅमने पेन्सिली काढल्या. २००८ मध्ये सगळीच यंत्रं गेली.

सुनंदा_सांगली:
दादा, आमच्याकडे जुना पीसी लावला की आकाशवाणी सांगलीवर खरखर यायची. मी रेडिओच दुरुस्तीला दिला होता. हेच का ते?

रेडिओमिस्त्री:
ताई, मूळ तेच. पडद्यावर तेच चित्र सेकंदाला साठेक वेळा येतं, म्हणून क्षीण लहर कितीही गोंधळात असली तरी एकावर एक रचली की चित्र उमटतं. १९८५ मध्ये डच टपाल-दूरध्वनी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या विम फान एक यांनी साध्या टीव्हीत थोडे फेरफार करून दुसऱ्याच्या काँप्युटरचा पडदा दुरून वाचला होता. तोवर हे फक्त लष्करालाच जमतं असा समज होता.

आइंडहोवनकर:
पण आता पडदे सपाट आहेत. तरीही?

रेडिओमिस्त्री:
तरीही. २००४ मध्ये केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी सपाट पडद्याचं चित्र भिंतीपलीकडून पकडलं. गळती बरीचशी पडद्याकडे जाणाऱ्या केबलमधून होते. तेव्हा केबल चांगल्या शील्डची, म्हणजे लहरी अडवणाऱ्या आवरणाची घ्या, आणि आजोबा भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांगा.