एव्हरेस्ट बेस कॅम्प: पोर्टरला त्याचे पैसे नीट मिळावेत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं लुक्ला-नामचे मार्गे एव्हरेस्ट बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) जातोय. आयोजकाने पॅकेजचा आकडा दिलाय, पण त्यातले पोर्टरला किती मिळतात, त्याचा विमा काढलाय का, हे तीनदा विचारूनही सांगत नाही.

२०१९ ला नेपाळमध्येच पून हिलच्या ट्रेकला गेलो होतो, तेव्हा आमचा पोर्टर दोन सॅक एकत्र बांधून, नाम्लोचा (ओझं डोक्याने पेलायचा) पट्टा कपाळावर घेऊन चढत होता. पायात साधे कापडी बूट. संध्याकाळी पट्टा काढला तर कपाळावर लाल वळ. तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिथे वर शेती जेमतेम. चार पैसे मिळतात ते ट्रेकर आले की. २०१५ चा भूकंप आणि नंतर कोविड, तेव्हा तेही आटले.

लुक्लाला थेट पोर्टर ठरवलाय का कुणी? रोज काय दिलं? किती किलोपर्यंत ओझं द्यावं? टिप त्याच्याच हातात द्यायची की गाइडकडे?

आणि एक. टी-हाउसवाले (वाटेवरच्या छोट्या लॉजचे मालक) खोली स्वस्त देतात ती तिथेच जेवायच्या बोलीवर. मग आपण दशम्या-चटणी नेली तर त्यांचं नुकसान होतं ना? आईने आत्तापासूनच यादी काढलीये, तिला काय सांगू?