गेटसमोरचा फुटपाथ

ए-१०२ (सेक्रेटरी): सर्वांना कळवतो, आपल्या पाच-सहा घरी काम करणाऱ्या मावशींना आज सकाळी पावणेसातला गेटसमोर दुचाकीने उडवलं. पाय मोडलाय. दुचाकीवाला थांबला नाही. प्लास्टर झालंय, मुलगा सोबत आहे.

सी-४०३: अरे देवा! कालच भाकरी करून गेल्या माझ्याकडे. काही लागलं तर सांगा.

ए-३०१: वाईट झालं. पण ही मंडळी रस्त्याच्या मधून चालतात. फुटपाथ कशासाठी आहे?

बी-२०४: काका, मी गॅलरीत होते, समोर पाहिलंय. मावशी वडाळा गावाकडून फुटपाथवरूनच येत होत्या. आपल्या कंपाउंडला लागून तीन गाड्या फुटपाथवर होत्या, तिन्ही आपल्याच सोसायटीच्या. पुढे गेटचा रॅम्प, तोही आपण फुटपाथ खाऊन बांधलेला. म्हणून त्या खाली उतरल्या आणि उतरल्या तिथेच धडक बसली. त्या तीनपैकी पांढरी गाडी आमची आहे. सकाळपासून डोक्यातून जात नाही.

डी-१०१: ताई, पण गाड्या लावायच्या कुठे? पार्किंग एकच मिळालंय. आणि भाजीच्या हातगाड्या? आधी त्या हटवा.

बी-२०४: भाजीवाले दादा नऊला येतात, अपघात पावणेसातला झाला. त्यांना २०१४ च्या फेरीवाला कायद्याने संरक्षण आहे, आपल्या गाडीला फुटपाथवर कोणता कायदा जागा देतो?
मी टेप घेऊन खाली जाऊन आले. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या निकषात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमची गाडी आणि फुटपाथची कड यांच्यात एक वीत जागा आहे. मावशी पिशवी घेऊन तिथून कशा जाणार?
त्या वेळी या रस्त्यावर कोण असतं बघा. कामाच्या मावशी, अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेली माणसं, रात्रपाळी संपवून घरी जाणारे वॉचमन. आपण पार्किंगमधून गाडीत बसूनच बाहेर पडतो, म्हणून फुटपाथ गेला तरी आपलं काही अडत नाही. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातात मेले, म्हणजे रोज सुमारे ९०. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो हक्क आपण गाडी लावून अडवलाय.

सी-४०३: आणि त्यांच्या पगाराचं काय? आपला पाय मोडला तर रजा असते, मेडिक्लेम असतो. त्यांचे खाडे धरले जातात. मी तरी पूर्ण पगार देणार आहे, पाय बरा होईपर्यंत.

ए-१०२ (सेक्रेटरी): मीही. बाकी घरांनी मला सांगा.

ए-४०२: वकील म्हणून सांगतो. अज्ञात वाहनाची तक्रार आजच पोलिसात द्या. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लगेच काढून ठेवा, नाहीतर पुसलं जाईल. पळून गेलेल्या वाहनामुळे गंभीर जखमी झालेल्याला ५०,००० रुपये भरपाई मिळते, एप्रिल २०२२ पासून. हाड मोडणं ही गंभीर दुखापतच धरतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. कागद मी फुकट करून देतो, मुलाला माझ्याकडे पाठवा.

ए-३०१: ताई, मी घाईत बोललो. मावशींना भेटायला कोणी जाणार असेल तर मलाही न्या.

डी-१०१: दुसरी गाडी माझी आहे. आज काढतो. मागच्या गल्लीत लावेन, थोडं चालावं लागेल.

ए-१०२ (सेक्रेटरी): रॅम्प आत घ्यायचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ, खर्चाचा अंदाज मागवतो. तोवर फुटपाथवर गाडी दिसली की वॉचमन दादा मालकाला फोन करतील.

बी-२०४: दादांवर ते टाकू नका. कोणी ओरडलं तर ते उलट बोलू शकणार नाहीत. फोन मी करते. सकाळी साडेसहाला खाली असेन.