मदत हवी आहे: इंजिनचं पॅकिंग लीक झालंय, घरीच बदलायचंय, कुठले पाने घेऊ?

मी_डोंबिवलीकर
गाडीच्या इंजिनमधून ऑइल गळतंय. पॅकिंग गेलंय. गॅरेजवाले म्हणतात इंजिन खोलावं लागेल, गाडी ठेवून जा, खर्च खोलल्यावर सांगू. मला हे पटत नाही. शनिवार-रविवार मोकळा आहे, पार्किंगमध्ये बसून स्वतः बदलणार. कुठले पाने विकत घेऊ आणि पॅकिंगला सिलिकॉन लावायचं का, एवढंच सांगा. सोसायटीने नुकत्याच घातलेल्या फरशीवर डाग पडलेत आणि सेक्रेटरींचे रोज मेसेज येतायत. जरा लवकर सांगा प्लीज.

नटबोल्ट
गाडी कुठली? दुचाकी की चारचाकी? इंजिनला एकच पॅकिंग नसतं. हेडचं वेगळं, ब्लॉकखालचं वेगळं, टॅपेट कव्हर, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर सगळ्यांचं वेगळं. नेमकं कुठून गळतंय?

मी_डोंबिवलीकर
स्प्लेंडर. खालून गळतंय.

नटबोल्ट
ऑइल कुठूनही सुटलं तरी थेंब खालूनच पडणार. गाडी चालताना वाऱ्याने ते मागेही पसरतं. किकच्या बाजूला ओलं आहे की गिअरच्या? साल कुठलं? याआधी इंजिनचं काय काम झालंय?

सह्यवारा
हे सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे चाललंय. जुन्या गाड्यांची रबरं फुगतात. माझं ऐका, गाडी काढून टाका आणि इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. इंजिन ऑइल नाही, पॅकिंग नाही, पार्किंगमध्ये डागही नाही. मी घेतली, एकदम सुखात आहे.

मी_डोंबिवलीकर
गाडी २००६ची आहे, वडिलांनी घेतलेली. विकायची नाही. किकच्या बाजूला ओलं आहे. पाने सांगा ना कोणीतरी.

नटबोल्ट
@सह्यवारा, पेट्रोलचा त्रास झाला तर कार्ब्युरेटर आणि पाइपांच्या रबराला होईल. किकच्या बाजूला क्लच कव्हर असतं. त्याच्या कागदी पॅकिंगशी पेट्रोलचा संबंधच येत नाही, त्या बाजूला फक्त इंजिन ऑइल असतं. एकच शक्यता आहे. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल अडवणारी नीडल नीट बसत नसेल तर पेट्रोल इंजिनात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. डोंबिवलीकर, डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आधी तो दोष काढा, पॅकिंग नंतर.

रानजाई
दादा, पॅकिंगच गेलंय हे कशावरून? माझ्या गाडीलाही किकच्याच बाजूने गळत होतं. सगळे पॅकिंग पॅकिंग म्हणत होते आणि निघालं किक शाफ्टचं ऑइल सील. ते बाहेरून बदलता येतं, कव्हर उघडावं लागत नाही. किक काढायची, जुनं सील हुकने ओढून काढायचं, नवं सील शाफ्टच्या दात्यांवर कापलं जाऊ नये म्हणून दात्यांना टेप गुंडाळायची, सीलला ऑइल लावायचं आणि समान दाबत आत बसवायचं.

आधी तपासून बघा. इंजिनची ती बाजू रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने धुवा, कोरडी करा. मग साधी टाल्कम पावडर कव्हरच्या सगळ्या सांध्यावर आणि किकच्या भोकाभोवती भुरभुरवा. गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू ठेवा. जिथून ऑइल सुटतं तिथली पावडर आधी भिजते. सायलेन्सर गरम असतो, हात सांभाळा. आणि बंद जागेत चालवू नका, पार्किंगमध्ये धूर कोंडतो.

भाऊसाहेब_ट्रॅक्टर
एवढे उद्योग कशाला? कव्हर काढायचं, पुसायचं, दोन्ही बाजूंना भरपूर अॅनाबाँड (ट्यूबमधलं सिलिकॉन) लावायचं आणि आवळायचं. पॅकिंग नसलं तरी चालतं. आमच्याकडे ट्रॅक्टरला वर्षानुवर्षं हेच करतो.

नटबोल्ट
भाऊसाहेब, ट्रॅक्टरचं ट्रॅक्टरला. स्प्लेंडरमध्ये त्याच कव्हरच्या आत तळाला ऑइलची जाळी आहे. भरपूर लावलेलं सिलिकॉन आवळल्यावर आतही बाहेर येतं, त्याचे तुकडे सुटतात आणि जाळीत जाऊन बसतात. मग पंपाला ऑइल कमी मिळतं आणि वर हेडमधले कॅम, रॉकर झिजतात. असं हेड मी स्वतः उघडून पाहिलंय. शिवाय पॅकिंगला ठरावीक जाडी असते, ते गाळलं की कव्हर तेवढं आत जातं. कागदी पॅकिंग कोरडं किंवा ऑइलचा हलका हात फिरवून बसवायचं. सांध्यावर ओरखडा असेल तर फक्त तेवढ्या जागी सिलिकॉनचा पातळ थर.

भाऊसाहेब_ट्रॅक्टर
तुमच्या जाळीत गेलं असेल. आमचं कधी अडलं नाही.

जुना_कारागीर
त्यांनी पान्यांचं विचारलंय, त्याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही, ते मी देतो. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ला, तेव्हापासून याच घराण्याची इंजिनं हाताखालून गेलीत.

ड्रेन बोल्टला १७ नंबर. कव्हरच्या बोल्टांना ८ नंबरचा टी पाना, तो चांगला घ्या, स्वस्तातला टी बोल्टाचं डोकं गोल करतो. किक, फुटरेस्ट आणि सायलेन्सरसाठी १०, १२, १४चे रिंग पाने. पक्कड, रबरी हातोडी, प्लास्टिकची खरवडणी, ऑइल झेलायला पसरट ट्रे. घाऊक पान्यांची पेटी घेऊ नका, निम्मे पाने तसेच पडून राहतात.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या. इंजिन थोडं गरम करून ऑइल काढा. सायलेन्सर, फुटरेस्ट, किक काढा, क्लच केबल सैल करून लिव्हरमधून सोडवा. कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, बोल्ट जिथून निघेल तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो आणि जोर लावला की केसिंग फुटतं. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेने हलके ठोके. सांध्यात पेचकस घालून उचकटलंत तर तिथून कायमचं गळेल. कव्हर सुटताना खाली ट्रे असू द्या, एखादा वॉशर ऑइलने कव्हरला चिकटून येतो आणि मग निसटतो. कव्हर नेमकं जुळवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत ना तेही बघा.

जुनं पॅकिंग भिजवून मऊ करून खरवडा. हॅकसॉ ब्लेड वापरू नका. कव्हर उघडलंच आहे तर जाळी आणि क्रँकवरचा फिरता ऑइल फिल्टर साफ करा, परत कोण उघडणार? ऑइल बदलताना ९०० मिली लागतं, कव्हर उघडल्यावर थोडं जास्त. डिपस्टिक न पिळता नुसती टेकवून पातळी बघा.

घाटवाट
ऑइल काढायची गरज नाही. गाडी डाव्या बाजूला आडवी करा, सगळं ऑइल तिकडे जातं. आम्ही क्लच प्लेटा अशाच बदलतो.

जुना_कारागीर
आडवी केली की टाकीच्या झाकणातून आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येतं. गॅरेजमध्ये मदतीला पोरगं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकट्या माणसाने हे करू नये.

वाडीकर
फरशीच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून कपड्यांच्या पावडरने घासा. आणि काढलेलं ऑइल टाकू नका. आमच्याकडे कुंपणाच्या लाकडी खांबांना लावतात, वाळवी लागत नाही.

रानजाई
कृपा करून असं सांगू नका. पहिल्या पावसात ते मातीत आणि तिथून विहिरीत जातं. जळकं ऑइल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडून गोळा करणारे घेऊन जातात.

मी_डोंबिवलीकर
रानजाई ताई, पावडर लावून बघितलं. किकभोवती कोरडं आहे. कव्हरच्या सांध्यावर मागे खालच्या कोपऱ्यात पावडर भिजली. वासही घेतला, पेट्रोलचा नाही. म्हणजे पॅकिंगच. ८चा टी आणलाय. बाकीचे बोल्ट घट्ट आहेत, त्या कोपऱ्यातला तेवढा नुसताच फिरतो. तो जुनाच आहे, क्लच प्लेटा बदलून आणल्यापासून तसाच फिरतो. त्याने काही फरक पडतो का?

नटबोल्ट
अहो, सगळा फरक त्यानेच पडतो! मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आधी काय काम झालंय. त्या जागचे आटे गेलेत. ६ मिमी जाडीचा (८ नंबर हा डोक्याचा पाना) पोलादी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जातो, त्याला साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसं असतं. कोणीतरी लांब पान्याने आवळलंय. आता त्या कोपऱ्यात कव्हर दाबलंच जात नाही. दहा नवी पॅकिंगं घातलीत तरी तिथूनच गळणार. आधी आटा, मग पॅकिंग.

भाऊसाहेब_ट्रॅक्टर
७चा आटा मारून जाड बोल्ट टाका. काम खलास.

जुना_कारागीर
मग कव्हरचं भोकही मोठं करावं लागेल. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवा. त्याआधी भोकात तार घालून खोली मोजा. जुना बोल्ट पोचत होता त्याच्या पुढे चांगले आटे शिल्लक असले तर थोडा लांब बोल्ट घेऊन काम भागतं, काही कापावं लागत नाही.

मी_डोंबिवलीकर
ठीक आहे. शनिवारी कव्हर काढतो आणि लेथवाल्याकडे नेऊन आटा मारून आणतो.

नटबोल्ट
थांबा. आटे कव्हरमध्ये नाहीतच. कव्हरला नुसतं आरपार भोक असतं, आटे इंजिनच्या केसिंगमध्ये आहेत. कव्हर नेऊन उपयोग नाही. लेथवाल्याला गाडीपाशी यावं लागेल किंवा किट आणून तुम्हाला जागेवर करावं लागेल. हाताच्या ड्रिलने भोक तिरकं गेलं की संपलं, म्हणून पहिल्यांदा एकट्याने करू नका.

घाटवाट
मी ठाण्यात असतो. माझ्याकडे ६चं हेलिकॉइल किट आहे, ६.३ मिमीच्या ड्रिल बिटासकट. रविवारी सकाळी येऊ शकतो. व्यनि (खासगी निरोप) करा. तोपर्यंत कव्हर काढून सांधा साफ करून ठेवा.

मी_डोंबिवलीकर
दादा, व्यनि केलाय. खूप आभार. पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि ऑइल आणून ठेवतो. रानजाई ताई, किकचं सीलही आणतो, सगळं उघडलेलं असेल तर तेही बदलून टाकू.

रानजाई
हो, आणाच. आणि इंजिनच्या ब्रीदरचा (आतली हवा बाहेर सोडणारा) पाइप कुठे चेपलाय किंवा चिखलाने बुजलाय का तेही बघा. आतला दाब बाहेर पडला नाही तर नवं पॅकिंग आणि नवं सील दोन्हींवर ताण येतो.

नटबोल्ट
घाटवाट, ड्रिल करण्याआधी आजूबाजूची सगळी उघडी जागा कापडाने बुजवा आणि आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावा, म्हणजे चुरा ग्रीसमध्ये अडकेल. गिअरमध्ये पडला तर काढता येत नाही. बोल्ट आवळताना समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. आणि डोंबिवलीकर, झाल्यावर परत पावडर लावून दहा मिनिटं चालवून बघा आणि इथे लिहा.