मदत हवी आहे: उत्खननातले दात आणि दवाखान्यातले एक्स-रे, डेटा एकत्र कुठे ठेवायचा?

घोडकाठ
नमस्कार. पेपर स्वीकारला गेलाय, पण संपादक म्हणतात आधी डेटा खुला करून डीओआय (इंटरनेटवरचा कायमचा ओळख-क्रमांक) द्या, मगच छापू. सोमवारची मुदत आहे. सीटी स्कॅन, ओपीजी (पूर्ण जबड्याचे एक्स-रे) आणि एक मोठी एक्सेल फाइल आहे. गाईड म्हणतात, 'मागितल्यास देऊ' एवढंच लिही. संपादकांना ते चालत नाही. सगळं एकाच ठिकाणी कुठे टाकता येईल? कृपया लवकर सांगा.

रानवारा
झेनोडो. युरोपातली सर्न ही संशोधन संस्था चालवते, फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबी मावतात, डीओआय लगेच मिळतो. आमचा परागकणांचा सगळा डेटा तिथेच आहे. आज रात्री टाकून मोकळ्या व्हा.

एनॅमल
रानवारा, जरा थांबा. घोडकाठ, ओपीजी कोणाचे? जिवंत माणसांचे असतील तर संमतीपत्रात काय लिहिलंय?

घोडकाठ
आजच्या शाळकरी मुलांचे, दंत महाविद्यालयातून घेतलेले. सीटी ताम्रपाषाणयुगीन मुलांच्या जबड्यांचे. दातांच्या वाढीवरून वय काढायची पद्धत दोन्हींवर लावून पाहिली. मला फक्त वेबसाइटचं नाव हवंय.

जुनाजाणता
इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मुलांची दफनं फार, दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले. तुमचं साहित्य तिथलं का? आणि परदेशी सर्व्हरवर का ठेवायचं? शोधगंगेवर टाका, आपलं आहे.

रानवारा
काका, शोधगंगा प्रबंधांसाठी आहे. तिथे सीटी कुठे टाकणार?

जुनाजाणता
मुद्दा डेटा आपल्याकडे राहण्याचा आहे. राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यांचं काय झालं ते आठवा.

अटकेपार
काय झालं? साठाहून अधिक नमुने तपासून एकाच स्त्रीचा डीएनए कामाचा निघाला, २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात छापला, डेटा युरोपीय संग्रहात खुला आहे. पुण्यातला विद्यार्थीही तो उतरवून घेऊ शकतो. मी यॉर्कला आहे. इथल्या विद्यापीठात पुरातत्त्वाचा डेटा १९९६ पासून सांभाळतात. जतनाचे पैसे घेतात, पण फाइलचा प्रकार जुना झाला तर बदलूनही ठेवतात. झेनोडोवर तेवढी निगा नाही.

एनॅमल
राखीगढीसाठी वेगळा धागा काढा, इथे मुलांचे एक्स-रे आहेत. घोडकाठ, संमतीपत्र?

घोडकाठ
पालकांची सही आहे. 'शैक्षणिक उपयोगासाठी' असं लिहिलंय. नावं मी एक्सेलमधून काढली आहेत.

एनॅमल
तेवढ्यावर चित्रं सगळ्या जगाला खुली करता येणार नाहीत. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची होकार-संमतीही लागते. नावं काढून भागत नाही. एक ओपीजी उघडून कोपरा बघा: बऱ्याच मशीन नाव आणि तारीख चित्रातच छापतात, डायकॉम फाइलचं हेडर (चित्रासोबतची लपलेली माहिती) पुसलं तरी ते तसंच राहतं. एक्सेलमध्ये जन्मतारीख, एक्स-रेची तारीख आणि गाव आहे का? लहान गावातलं मूल तेवढ्यावरून सहज ओळखू येतं.

घोडकाठ
आहे. पण तारखा काढल्या तर वय कसं पडताळणार? मग खुलं करण्यात अर्थ काय?

कुलूपकिल्ली
वय दशांशात द्या, ९.४२ वर्षं असं. तारखा आणि गाव दोन्ही काढा. पद्धत डेमिर्जियनची असेल तर खालच्या डाव्या जबड्याच्या सात दातांना वाढीचे ए ते एच टप्पे दिलेले असणार. दर मुलामागे सात अक्षरं, लिंग, वय एवढा तक्ता दिला की तुमचं गणित कोणीही पुन्हा करून पाहील. चित्रं लागतच नाहीत.
नोंदी दोन करा. जबड्यांचे सीटी खुले. मुलांचा तक्ता एथिक्स कमिटी हो म्हणाली तर खुला, नाहीतर मर्यादित; झेनोडोवर फाइल बंद ठेवूनही वर्णन दिसतं आणि डीओआय मिळतो. दोन्ही नोंदी एकमेकींना जोडा.

हे करा मात्र नक्की. ती पद्धत १९७३ साली फ्रेंच-कॅनडियन मुलांच्या एक्स-रेवरून बसवलेली आहे. पुरलेल्या मुलांची वयं अजून अशाच परक्या मापाने काढतात. इथल्या मुलांचं माप खुलं झालं तर पुढच्या प्रत्येक उत्खननाला त्याचा उपयोग आहे.

अटकेपार
+१. आणि उत्खननाचा परवाना कोणाच्या नावावर होता? सीटी खुले करायला त्यांची लेखी परवानगी घेतलीत?

घोडकाठ
पद्धत डेमिर्जियनचीच. परवाना गाईडच्याही आधीच्या सरांच्या नावावर होता, ते निवृत्त झालेत. उद्या त्यांना फोन करते. कमिटीला मेल पाठवला, संपादकांकडून दोन आठवडे मागून घेतले. एनॅमल, कुलूपकिल्ली, मनापासून आभार. तक्त्याला वापराचा परवाना कोणता लावू, सीसी बाय की सीसी झिरो (कुठलीच अट नसलेला)?

रानवारा
सीसी बाय. वापरणाऱ्याने तुमचं नाव दिलंच पाहिजे.

जुनाजाणता
सर फोन घेतील ते संध्याकाळी. आणि साहित्य इनामगावचं का, ते राहिलंच.