येळवशीचे वॉल हँगिंग शिवून झाले, पण कडा सपाट बसत नाहीत

प्रश्न (लातूर)

नमस्कार. पुण्याचा भाऊ यंदा वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करायच्या आपल्या येळवशीच्या सणाला, शेतावर येऊ शकणार नाही, म्हणून त्याच्या घरासाठी मी १६ × २२ इंचांचे उभे वॉल हँगिंग शिवले आहे. मध्यभागी कडब्याची कोप (खोपटे), तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव, शेजारी आंबिलाचे बिंदगे (मडके) आणि तळाशी हरभऱ्याचे हिरवे रान, हे सारे खणाच्या व आजीच्या सुती लुगड्याच्या तुकड्यांनी साधले आहे. मध्ये पॉलिस्टर वॅडिंग, म्हणजे फुगीर भरणीचा थर, आणि मागे मांजरपाटाचे अस्तर आहे. कोपीचा कडबा दिसावा म्हणून पिवळ्या दोऱ्याने अगदी जवळजवळ उभे धावदोरे घातले आणि तेवढा भाग मनासारखा उतरला.

मात्र बाजारातली तयार तिरपी पट्टी लावून कडा बांधल्या आणि दोन्ही उभ्या बाजूंना लाटा आल्या. इस्त्री फिरवली तर लाटा तशाच राहिल्या आणि वॅडिंग तेवढे चपटे झाले. वरच्या दोन कोपऱ्यांना कड्या शिवून टांगले, तर मधोमध झोळ पडतो. सण चार दिवसांवर आला आहे. सगळे उसवावे लागेल का?

उत्तर (परभणी)

सगळे उसवण्याआधी टेप घेऊन तीन ठिकाणी उंची मोजा: डावी कड, उजवी कड आणि बरोबर मध्य. कडा मध्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब भरल्या, तर पट्टी लावताना कड ताणली गेली, असे समजावे. तिरपे कापलेले कापड ताणते. गळ्याच्या किंवा बाहीच्या गोलाईला तो गुण कामाचा असतो, पण सरळ कडेला त्याची गरज नसते, उलट हात जरा ओढला गेला की लाट ठरलेलीच.

सरळ कडेसाठी धाग्याला धरून अडीच इंच रुंद पट्टी कापावी, उभी दुमडून दुहेरी करावी आणि आधी पुढच्या बाजूने पाव इंचावर टीप मारावी. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे टीप थांबवून दोरा तोडावा, पट्टी आधी वर तिरपी व मग खाली सरळ दुमडावी आणि पुढची बाजू कडेपासून सुरू करावी, म्हणजे कोपऱ्याला नेटकी घडी बसते. मागची बाजू हाताने हेम करावी. आपल्या तुकड्याचा परीघ ७६ इंच होतो. सांधे व कोपरे यांसाठी दहा इंच वाढवले, तर ४४ इंची पन्ह्यातून निघणाऱ्या दोन पट्ट्या जेमतेम पडतील, तेव्हा तिसरीही कापून ठेवावी.

उत्तर (औसा)

पट्टीचे म्हणणे मला मान्य आहे, पण सारा दोष पट्टीवर टाकणे मला पटत नाही. ताई, आपण कोपीवर दाट धावदोरे घातले आणि कडेच्या रानावर बहुधा विरळ घातले असतील. जिथे दोरा दाट पडतो तिथे कापड आत ओढले जाते, मध्य आखडतो, आणि कडांना ती जादा लांबी मावत नाही म्हणून त्या लाटा धरतात. आमच्या सासूबाई वाकळ शिवताना कडेपासून आत फेऱ्या घालत येत, कारण जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर ताणून, कच्चे टाके घालून ते एकमेकांवर घट्ट बसवलेले असत. फुगीर, निसरड्या वॅडिंगला ती रीत चालत नाही. तिथे मध्यापासून बाहेर जावे आणि दाटपणा सगळीकडे साधारण सारखा ठेवावा.

आता उपाय सांगते. पट्टी काढा, रानात हिरव्या दोऱ्याने आणखी आडव्या ओळी घाला, मग तुकडा पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर करून गादीवर काटकोनात टाचण्यांनी ताणून लावा आणि पूर्ण सुकू द्या. त्यानंतरच गुण्याने कडा काटकोनात कापा. मात्र त्याआधी खणाच्या आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहा. लाल रंग उतरत असेल तर पाणी अजिबात मारू नका, नाहीतर पांडव गुलाबी होतील.

उत्तर (अंबाजोगाई)

झोळापुरते लिहिते. कड्या काढून मागे टांगायची काठी घालायला नेफा लावावा: १५ × ६ इंचांच्या कापडाची दोन्ही टोके दुमडून शिवावीत, ते उभे दुहेरी करून त्याची उघडी कड वरच्या पट्टीच्या शिवणीत धरावी आणि खालची कड अस्तराला हाताने, पुढे टाका न येऊ देता, हेम करावी. नेफा अगदी ताठ लावू नये. काठीच्या जाडीपुरती ढील नसेल तर काठी पुढून उठून दिसते. काठी वेळूची चालेल, फक्त गाठी तासून घ्याव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मोजले. मध्य २१¼ इंच आणि दोन्ही कडा पुरत्या २२ भरल्या. काल रात्री उजव्या बाजूची पट्टी उसवली, तेव्हा निम्मी लाट लगेच बसली आणि निम्मी तशीच राहिली, म्हणजे परभणीच्या व औशाच्या दोन्ही ताईंचे म्हणणे खरे ठरले. रानात नऊ ओळी वाढवल्या. खणाचा रंग फडक्याला लागला, त्यामुळे पाणी न मारता तुकडा नुसताच ताणून टाचला आहे. पट्टीसाठी लुगड्याचा काठ वापरायचा मोह होतो आहे, पण तो दुमडला तर जाड होईल, म्हणून काठ नेफ्याला आणि साधे हिरवे सुती कापड पट्टीला, असे ठरवले आहे.