घट्टे बी त्याच दांड्यानं, फोड बी त्याच दांड्यानं

वर एकानं लिहिलं का कंबर-गुडघा दुखला तर महिनाभर पलंगावरून उठूच नका, शरीर आपोआप भरून येते. मला हे पटत नाही, शरीर पडून राहून नाही तर हळूहळू भार घेऊन मजबूत होते. माह्या मोठ्या भावाचे तळहात पाहा, 30 वर्षं डवरे धरले, बोटांच्या बुडाशी असे घट्टे का पऱ्हाटीचं खुंट बी रुतत नाही, अन् पोरगा दिवाळीत पुण्याहून आला, एक सकाळ फावडं मारलं तर दुपारी पाण्यानं टम्म भरलेले फोड. घासणं तेच, पण कातडीला वेळ भेटला का ती जाड होते, एकदम जास्त झालं का वरचा थर सुटते.

हाडाचं बी तसंच, जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फनं 1892 सालीच मांडलं का हाड भारानुसार आपली रचना बदलते. अंतराळात भारच नाही, तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का घटते, म्हणून अंतराळवीर तिथं रोज व्यायाम करतात.

फक्त स्नायू लवकर तयार होते, त्याले हाडाशी जोडणारा कंडरा अन् हाड मागं राहतात. आपल्याकडची पोलीस भरतीची पोरं ताकद आली म्हणून पंधरवड्यातच डांबरी रोडवर 10 किलोमीटर पळतात अन् नडगी धरून बसतात, लय जीव तुटते पाहून. हळूहळू वाढवा रे, मधात सुट्टी द्या.

अन् शुगरवाल्यांनी रोज रात्री तळवे पाहा, बधिर पायाला फोड झालेला समजत नाही.